ताटाखालचा आवाज

ताईंचं काम ऐकून लोक आधी हसायचे, मग विचारायचे, याचे पैसे मिळतात? टीव्हीवरची मालिका परदेशी चॅनेलला द्यायची तर तिथे संवाद त्यांच्या भाषेत भरतात. म्हणून ताईंनी सगळं बोलणं काढून टाकायचं आणि संगीत, पावलं, दारं, भांडी तेवढी ठेवायची. पण बोलणं काढलं की त्याच्यासोबत भांड्यांचा आवाजही जातो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात ना, तसं. मग पडद्याकडे बघत ताई तो पुन्हा करायच्या, माईकपुढे, बंद खोलीत, एकट्या. या कामात त्यांचे केस पिकले होते.

त्या सकाळी चॅनेलच्या तपासनीस बाईंनी एक भाग परत पाठवला. म्हातारा सासरा जेवायला बसतो, तिथे माणसाचा आवाज राहिलाय म्हणे. हाच भाग आधीही एकदा परत आला होता. संध्याकाळपर्यंत निस्तरलं नाही तर मालिका दुसऱ्या स्टुडिओकडे जाईल, असं मालकांनी चहा पीत पीत, गोड आवाजात सांगितलं. ओरडणारा मालक परवडला.

ताईंनी नटांचा एकेक ट्रॅक तपासला. सगळे कोरे. बाईंचेच कान वाजत असतील, असं पुटपुटत त्यांनी शेवटी नुसता भांड्यांचा ट्रॅक लावला. ताट टेकता टेकता कुणीतरी हळूच म्हणालं, "सावकाश. गरम आहे."

आवाज त्यांचाच होता.

आपण बोललो हे त्यांच्या गावीही नव्हतं. घरात त्या आणि बाबा, दोघंच. बाबांची नजर गेल्यापासून त्यांच्यापुढे ताट ठेवताना ताई रोज हेच म्हणायच्या. बाबा जाऊन आता वर्ष होत आलं होतं.

त्यांनी पुन्हा माईक लावला, ओठ घट्ट मिटले आणि ताट ठेवलं. ते आदळलं. परत ठेवलं, परत तेच. माणूस स्वतःपुरतं ताट ठेवतो तसं ते वाजत होतं, आणि वर्षभर दुसरं केलं होतं काय? पडद्यावरची सून तर मायेनं वाढत होती. ताई चिडल्या, ताटावर, स्वतःवर, त्या सुनेवरसुद्धा. मग त्यांनी तेच शब्द म्हटले, नुसते ओठ हलवून. ताट अलगद टेकलं. डोळे भरून आले, पण हुंदका रेकॉर्ड व्हायला नको म्हणून त्या श्वास रोखून बसून राहिल्या.

संध्याकाळी तपासनीस बाईंचा फोन आला. भाग पास झाला होता. तो आवाज होता तरी कुणाचा, त्यांनी कुतूहलानं विचारलं.

"माझाच," ताई म्हणाल्या, आणि दोघी हसल्या.

घरी येऊन त्यांनी चपला काढल्या. याच वेळी बाबा खुर्चीतून विचारायचे, काय गं, आज कुणाकुणाची तोंडं बंद केलीस? रोज तोच विनोद, आणि रोज त्यांचं त्यांनाच हसू. आज पहिल्यांदाच ताईंकडे तोडीस तोड उत्तर होतं. विचारायला बाबा हवे होते.