दुर्बीणरावांची पहिली झिंग

बिअरच्या कारखान्यात दुर्बीणराव पिऊन खुर्चीतच कलंडले आणि फुटक्या बाटलीत बिअर भरली गेली, ही बातमी दूधवाल्याने गल्लीत आणली. शिंप्याने तिला बाह्या जोडल्या. संध्याकाळपर्यंत दुर्बीणराव म्हणे टाकीत पोहत होते!

आता खरं ऐका. या माणसाने उभ्या जन्मात बिअर जिभेला लावलेली नाही. खोकल्याचं औषधसुद्धा नाक मुरडून घेणार. त्यांचं काम फक्त बघायचं. पांढऱ्या उजेडासमोर बसायचं, पुढून धुतलेल्या रिकाम्या बाटल्या सरकत जातात. तडा दिसला, टवका उडालेला दिसला, की बाटली उचलून बाजूला. डोळ्याला सवय अशी जडली की घरीसुद्धा पेला उजेडाला धरल्याशिवाय पाणी प्यायचे नाहीत. बायको म्हणायची, “बरं झालं, लग्न आधी झालं. नाहीतर मलाही दिव्यासमोर धरलं असतं.”

या कामाला दोघं लागतात. एकाने थोडा वेळ बघायचं, मग उठून दुसऱ्याला बसवायचं. सरकत्या काचेकडे सतत पाहिलं, की डोळे उघडेच राहतात आणि दिसायचं बंद होतं. पण दुर्बीणरावांच्या जोडीदाराला साहेबांनी स्वतःची गाडी चालवायला नेलं. “जरा सांभाळून घ्या,” म्हणाले. ऐन उन्हाळा, बिअरचा हंगाम, बाटल्या नुसत्या धावत सुटलेल्या, आणि समोर हे एकटे. संध्याकाळी घरी यायचे तेव्हा भिंतसुद्धा डावीकडे सरकताना दिसायची.

व्हायचं तेच झालं. कुठल्याशा हॉटेलात एका गिऱ्हाइकाची जीभ काचेने कापली. सरकारी तपासनीस येणार म्हणून कारखान्याची धावपळ उडाली. साहेबांनी दुर्बीणरावांना आपल्या खोलीत बोलावलं आणि चक्क बसायला खुर्ची दिली. हे कडेवरच टेकले.

“काका, एकट्या माणसाला बसवलं होतं हे कळलं, तर कारखान्याला टाळं. माणूस पिऊन बसला होता म्हटलं, तर फक्त माणूस बदलायचा.”

“पण मी पीत नाही, साहेब.”

“ते मला माहीत आहे. तपासनिसांना कुठे माहीत आहे?” मग साहेबांनी आवाज मऊ केला. “तुमची मुलगी घरी बसलीय ना? तिला आत घेतो. कायम.”

आजूबाजूला नजर पोचेल तिथवर बार्लीची शेतं आणि मधोमध हा एकच कारखाना. तिथे चिकटायचं, नाहीतर बस धरून गाव सोडायचं. पोरगी शिकून सवरून खिडकीत बसलेली.

“नोकरी जाऊ दे खड्ड्यात,” बायको कडाडली, “पण दारुडा म्हणवून घ्यायचं? मला लोक काय म्हणतील?”

“दारुड्याची बायको.”

“आणि वर विनोद सुचतोय!”

विनोद कसला. त्यांनी पेला उजेडाला धरला, बराच वेळ पाहिला आणि पाणी न पिताच खाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी तपासनिसांपुढे, सगळ्या कामगारांच्या देखत, दुर्बीणराव उभे राहिले. किती प्यायलात? “एक बाटली.” साहेबांनी भुवई उंचावली. “तीन,” त्यांनी सुधारून सांगितलं. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. जुना जोडीदार मात्र साहेबांच्या गाडीच्या चाव्या बोटावर फिरवत छताकडे बघत राहिला.

साहेबांनी शब्द पाळला, तेवढं म्हणायला हवं. पुढच्याच आठवड्यात पोरगी कामावर गेली. संध्याकाळी आली ती डोळे चोळतच.

“कुठे बसवलं?”

“तुमच्याच खुर्चीवर, बाबा.”

“जोडीला कोण?”

“कुणी नाही. आता हे एकाचंच काम आहे म्हणतात.”

बायकोने यांच्याकडे पाहिलं. मग पदर ओला करून पोरीच्या डोळ्यांवर ठेवला. दुर्बीणराव पायांत चपला सरकवून बाहेर पडले ते थेट कोपऱ्यावरच्या दुकानापाशी जाऊन थांबले. तिथे चार रिकामटेकडे बसलेलेच होते. दुकानदाराला चेव आला.

“या दुर्बीणराव! एवढं वय कोरडं काढलंत, मग सांगा की, पहिली कशी लागली?”

“मला काय विचारता? प्यायले साहेब, चढली मला. आता पोरीला पाजतायत.”