मावशीची चाळीस मिनिटं

माझी मावशी राग विसरत नाही. एका स्वेटरवरून तिनं माझ्या आईशी, म्हणजे सख्ख्या बहिणीशी, सहा वर्षं अबोला धरला होता. तिथे विमानतळाच्या मोठ्या साहेबांची काय कथा!

त्या विमानतळावर मावशी एकोणीस वर्षं होती. एका विमानातून उतरून दुसरं पकडणाऱ्यांच्या बॅगा वेळेत पोचवायच्या, हे तिचं काम. साहेबांनी या प्रवाशांची सरळ वाट बंद करून त्यांना दुकानांमधून फिरवायला सुरुवात केली. दुकानांची भाडी वाढली आणि लोकांची विमानं चुकायला लागली.

"साहेब, हे लोक खरेदीला येत नाहीत हो, विमान बदलायला येतात," मावशी म्हणाली. साहेबांनी भर बैठकीत सगळं खापर तिच्यावर फोडलं आणि ओळखपत्र टेबलावर ठेवायला लावलं.

घरी येऊन ती रडली नाही. "याला आता दाखवतेच," एवढंच म्हणाली. शेजारच्या देशात एक विमानतळ होता, त्याच्याकडे तोवर कुणी ढुंकूनही बघत नव्हतं. तिथे ती नोकरीला लागली. स्वतः बॅग ओढत, हातात घड्याळ धरून या दारापासून त्या दारापर्यंत चालली. वाटेतलं प्रत्येक वळण, प्रत्येक दुबार तपासणी भांडभांडून काढून टाकली. विमान बदलायला नव्वद मिनिटं लागायची, ती चाळीसवर आणली. तिकीट शोधताना कमी वेळाचा प्रवास यादीत वर दिसतो आणि लोक वरचंच तिकीट घेतात. संपला विषय.

साहेबांच्या शहरातल्या प्रवाशांनी लांबचं विमान अर्धंही भरत नसे. उरलेल्या खुर्च्या भरायचे ते हे विमान बदलणारे. ते मावशीकडे वळले आणि साहेबांची लांबची विमानं एकेक करून बंद पडली. प्रत्येक वेळी मावशी आम्हाला फोन करायची. मलाही आनंदाच्या उकळ्या फुटायच्या, खोटं कशाला बोलू?

गेल्या वर्षी साहेब निवृत्त झाले आणि परदेशातल्या लेकीकडे निघाले. थेट विमान उरलंच नव्हतं, म्हणून मावशीच्या विमानतळावर उतरले. प्रवाशांच्या यादीत त्यांचं नाव बघून ती दाराशी जाऊन उभी राहिली. साहेबांनी ओळखलं. चेहरा पार उतरला.

"माझी बॅग... पोचेल ना?"

"पोचेल की. मी स्वतः चढवते," मावशी म्हणाली. "तुमची विमानं मात्र आता परत येत नाहीत."