सहा नंबरचा गोपनीय अहवाल

जूनच्या दुसऱ्या रविवारी जमनापार इलेव्हन या फुटबॉल क्लबची खेळाडूंची यादी ठरते. त्याआधीचा आठवडाभर दिल्लीच्या मयूर विहारातल्या फणसळकरांच्या घरी दुसरा विषय नसतो. यंदा मंगळवारीच क्लबच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कच्ची यादी आली. चोवीस नावं पक्की होती. पंचविसाव्या जागेपुढे फक्त एक रेघ होती, आणि त्या रेघेमुळे अलकनंदा फणसळकरचं जेवणात लक्ष नव्हतं.

"तीन-तीन स्ट्रायकर ठेवलेत," ती लिची सोलता सोलता म्हणाली. "तीन! आणि मधली फळी सांभाळायला कोण? देव?"

"तुमच्या कोचना, रावत सरांना फोन कर ना," तिचे यजमान बळवंतराव म्हणाले. ते रेल्वेतून निवृत्त झालेले, पक्के क्रिकेटवाले. फुटबॉलमध्ये बावीस माणसं एका चेंडूमागे का पळतात, हा प्रश्न ते सतरा वर्षं तितक्याच गंभीरपणे विचारत आले होते.

"फोन कशाला? रविवारी उभी राहून बोलणार आहे. गोलकीपर ठेवला, ते बरोबर केलं. तो उजवीकडचा थापा गुडगावच्या क्लबात गेला, जाऊ दे. त्याला पुढे पळायचं ठाऊक होतं, मागे यायचं कुणी शिकवलंच नव्हतं. पण नेगीचं नाव नाही म्हणजे काय? अहो, नेगी!"

"चौतिसाचा झाला ना तो? आमच्याकडे त्या वयात..."

"तुमच्याकडे त्या वयात ढेरी घेऊन स्लिपमध्ये उभं राहता येतं."

चिन्मय हसता हसता खोकला. तो नोएडात सॉफ्टवेअर कंपनीत होता आणि आईच्या या आठवड्याची वर्षभर वाट बघायचा. खरं तर हे सगळं त्याच्यामुळेच सुरू झालेलं. तो आठ वर्षांचा असताना अलकनंदाने त्याला क्लबच्या शिबिरात घातलं. संध्याकाळी मंत्रालयातून मेट्रोने यायचं, राजीव चौकाला गाडी बदलायची, घरी पर्स टाकून मुलाला मैदानावर न्यायचं आणि तासभर बाकावर बसायचं. ती रत्नागिरीची, तेविसाव्या वर्षी परीक्षा देऊन दिल्लीत नोकरीला आलेली. फुटबॉल तिने त्याआधी कधी नीट पाहिला नव्हता. तरी बाकावर बसून करणार काय? बघायला लागली. नववीत चिन्मयचे क्लास सुरू झाले, त्याचे बूट माळ्यावर गेले. पुढच्या मंगळवारी अलकनंदा एकटीच मैदानावर जाऊन बसली. कुणी विचारलं तर सांगायची, "सवय झालीय." खरं कारण असं की शनिवारी सामना होता आणि डावीकडून कोण खेळणार हे तिला कळायला हवं होतं.

क्लबची सभासद म्हणून तिला आता सतरा वर्षं झाली होती. त्यातली अकरा वर्षं ती रजिस्टर ठेवत होती.

हे रजिस्टर म्हणजे तिच्या नोकरीचाच एक वाढीव भाग. सरकारी कचेरीत दरवर्षी प्रत्येक कर्मचाऱ्याचा गोपनीय अहवाल लिहितात. वर दहापैकी गुण आणि खाली 'पेन-पिक्चर', म्हणजे चार-सहा ओळींत त्या माणसाचं शब्दचित्र. सेक्शन ऑफिसर म्हणून अलकनंदाने असे शेकडो अहवाल लिहिले होते. एका मोसमात तिला वाटलं, आपल्या अकरा पोरांचा अहवाल कुणी लिहायचा? तेव्हापासून दर मोसमाअखेर लांबट वहीत एकेका खेळाडूला एकेक पान. वर गुण, खाली मराठीत शब्दचित्र. वहीच्या मागच्या पानांवर प्रत्येक सामन्याच्या नोंदी. क्लबात सगळ्यांना ही वही ठाऊक होती. नवे खेळाडू तिला घाबरूनच नमस्कार करायचे.

चिन्मयने वही ओढून नेगीचं पान काढलं. "'मुरलेला खेळाडू.' आई, मुरलेला म्हणजे? अचार असतो तसा?"

"तस्सा. वेळ दिल्यावर चव येते."

"अच्छा. आणि 'आडवा जातो' म्हणजे भांडतो?"

"अरे देवा! चेंडूच्या वाटेत येतो, वाट अडवतो! दिल्लीत वाढवून तुझं मराठी पार वाया घालवलं मी."

दीवानसिंग नेगी, जर्सी नंबर सहा. मूळचा पौडी गढवालचा, विनोद नगरात राहणारा, पटपडगंजच्या एका छापखान्यात कामाला. छापखान्यातून सुटला की शाई लागलेल्या हातांनीच सरावाला यायचा. मधल्या फळीत, बचावाच्या जरा पुढे उभा राहायचा. वर्तमानपत्रात नाव येईल असं त्याने नऊ मोसमांत काही केलं नव्हतं. एकूण गोल दोन, त्यातला एक डोक्याला लागून चुकून झालेला. त्याच्या जागेवर रावत सरांना मोहित डागर हवा होता. नजफगडचा, एकोणीस वर्षांचा, वाऱ्यासारखा पळणारा. शेवटच्या चार सामन्यांत त्याला अधूनमधून उतरवलं होतं आणि त्याने तीन गोल केले होते.

अलकनंदाला डागर आवडत होता. तिची अडचण तीच तर होती.

रविवारी अकरा वाजता सोसायटीच्या कम्युनिटी हॉलमध्ये लाल प्लॅस्टिकच्या खुर्च्या भरल्या. दोन कूलर घरघरत होते. क्लबची पद्धत जुनी आहे. प्रशिक्षक एकेक नाव वाचतात, सभासद 'मंजूर' म्हणतात. ज्याला मान्य नसेल त्याने उभं राहून कारण सांगायचं. नुसतं 'मला आवडत नाही' चालत नाही. निर्णय शेवटी प्रशिक्षकाचाच, पण कारण ऐकून घेतल्याशिवाय पुढचं नाव वाचायचं नाही. एवढा एक नियम रावत सरांनी कधी मोडला नव्हता.

चोवीस नावं अर्ध्या तासात झाली. मग रावत सरांनी चष्मा वर केला.

"पच्चीसवाँ नाम. डागर, मोहित."

"आपत्ति है," अलकनंदा हरकत घेत उभी राहिली.

हॉलमध्ये सुखाचा एक निःश्वास पसरला. लोक समोशाइतकेच यासाठीही आलेले असत.

"पता था मुझे," रावत सर म्हणाले. "नेगी?"

"जी. नेगी को रखना चाहिए."

"रजिस्टर लाई हैं ना? बताइए, इस साल नेगी को कितने नंबर दिए?"

"साढ़े आठ," ती अभिमानाने म्हणाली.

"और गोलकीपर को?"

तिने पान उलटलं. "साढ़े आठ."

"थापा को? जो छोड़ के चला गया?"

"आठ... सवा आठ."

"सिद्दीकी को? जो पूरा सीज़न बेंच पे बैठ के चने खाता रहा?"

अलकनंदाने पान पाहिलं. तिथे तिच्याच अक्षरात आठ लिहिलं होतं. हॉलमध्ये खसखस पिकली. सिद्दीकी स्वतः उठून उभा राहिला आणि त्याने हात जोडून सगळ्यांचे आभार मानले.

"और डागर?"

"साढ़े आठ."

"मॅडम," रावत सर अगदी मऊ आवाजात म्हणाले, "आपके यहाँ तो पूरी टीम अफ़सर है. सबको प्रमोशन दे दूँ?"

हशा ओसरेपर्यंत ती पानं उलटत राहिली. अकरा वर्षं, दोनशेच्या वर पानं, आणि आठच्या खाली एकही आकडा नाही. हे कसं झालं ते तिला लगेच कळलं आणि कान तापले. कचेरीत आठच्या खाली कुणी देतच नाही. कमी गुण दिले की कारणं लिहावी लागतात, तो माणूस हरकत घेतो, फाइल फिरून आपल्याच टेबलावर येते. त्यामुळे सगळेच उत्तम. एकतीस वर्षांत हाताला तसं वळण पडलेलं. तोच हात तिने मैदानावर नेला होता आणि एकदाही तिच्या लक्षात आलं नव्हतं.

"ठीक है?" रावत सरांनी पेन उचललं. "डागर लिख दूँ?"

"आई," शेजारून चिन्मय कुजबुजला, "नंबर छोड ना. खालचं वाच. खाली तू सगळं खरं लिहितेस."

"रुकिए सर," ती म्हणाली. "नंबर ग़लत हैं. मेरी ग़लती है, मान लिया. नीचे जो लिखा है वो सुन लीजिए."

रावत सरांनी पेन खाली ठेवलं.

ती मराठी वाचत तोंडी हिंदी करत गेली. दोन वर्षांपूर्वीचं पान: 'लेफ्ट बॅक वर गेला की न सांगता त्याच्या जागी जाऊन उभा राहतो. शेवटच्या सामन्यात चौदा वेळा. लेफ्ट बॅकची वाहवा होते, कारण त्याची पाठ कुणीतरी राखलेली असते.' गेल्या वर्षीचं: 'चेंडू हरवला की इतर हात वर करतात, हा आडवा जातो. नवा मुलगा चुकला तर सामन्यानंतर ओरडत नाही, त्याच्याबरोबर मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जातो.'

दाराशी, शेवटच्या रांगेत दीवान नेगी पाण्याची बाटली गुडघ्यांत धरून बसला होता. त्याने मान खाली घातली.

मग यंदाचं पान आलं. पहिल्या तीन ओळी तशाच होत्या, चांगल्या. चौथ्या ओळीवर तिचं बोट थांबलं.

ती ओळ तिनेच एप्रिलमध्ये, शेवटच्या सामन्यानंतर लिहिली होती. वही तिच्या हातात, मजकूर मराठीत. तीन ओळींवर थांबून वही मिटली असती तर हॉलमध्ये चिन्मयखेरीज कुणाला कळलं नसतं, आणि चिन्मय बोलला नसता. एकदा एका मोठ्या साहेबांनी तिला टिपणीतला एक परिच्छेद गाळायला सांगितलं होतं. "छोटासा तो है, मॅडम." तिने गाळला नव्हता. त्या फाइलचं पुढे जे व्हायचं ते झालं, तिची बदली झाली, पण तिच्या सहीवर कुणी कधी बोट ठेवलं नाही. घरी ही गोष्ट ती सांगायची नाही. बळवंतरावच पाहुण्यांना सांगायचे, आणि सांगताना क्रिकेट विसरायचे.

पण तिथे प्रश्न तिच्या स्वतःच्या बदलीचा होता. इथे दाराशी बसलेल्या माणसाचा मोसम होता, आणि चौतिसाव्या वर्षी जागा गेली की दुसरा क्लब विचारत नाही.

तिने वाचलं. "'सत्तर मिनिटांनंतर गुडघ्यांवर हात ठेवून उभा राहतो. जागा कळते, पण तिथे पोचायला उशीर होतो. शेवटच्या वीस मिनिटांत आपल्यावर जे सात गोल झाले, त्यातले चार याच्या बाजूने.'"

कुणीतरी "अरे मॅडम, क्या कर दिया" म्हणालं. नेगीने मात्र मान वर केली होती. तो तिच्याकडे बघत होता.

रावत सर पुढे वाकले. मग त्यांनी विचारलं, "सत्तर के बाद चार. और सत्तर के पहले?"

तिने मागची पानं पाहिली. घाई केली नाही. "पहले एक भी नहीं. ग्यारह मॅच खेले हैं."

"एक भी नहीं?"

"चाहें तो खुद देख लीजिए. हर मॅच का लिखा है."

"नहीं, देखना नहीं है." रावत सर खुर्चीत मागे रेलले. "सुबह से चार लोग नेगी की सिफ़ारिश ले के आए. सबने कहा, शेर है. शेर का मैं क्या करूँ, टीम शीट में लिखूँ? आपने घुटने बताए, तो बाकी भी मान लेता हूँ." ते दुसऱ्या रांगेकडे वळले. "डागर, तू अभी जूनियर टीम में एक साल और खेल सकता है ना?"

"हाँ जी."

"तो खेल. प्रॅक्टिस सीनियर के साथ. इसके बगल में खड़ा हो के देख, ये बिना बताए कहाँ जाता है." डागरचा चेहरा पडला. त्याने दाराकडे पाहिलं, आणि मग नाइलाजाने का होईना, हसला. "और नेगी, साठ मिनट. इकसठवें में मैं खुद उतारूँगा, मुँह नहीं बनाएगा."

"नहीं बनाऊँगा, सर."

"पच्चीसवाँ नाम. नेगी, दीवानसिंग."

'मंजूर' इतक्या जोरात झालं की कूलरचा आवाज ऐकू येईना.

समोसे आले. अलकनंदा खुर्चीत बसली. नेगी रांगांमधून वाट काढत तिच्यापर्यंत आला.

"मॅडम जी, घुटनों वाली बात भी लिख दी?"

"थी तो लिख दी," ती म्हणाली. "बुरा लगा?"

"लगा." तो हसला. "नौ साल में किसी ने इतना देखा नहीं. वो चौदह बार वाला... आपने गिना था?"

"हां. दोन वेळा तर तू..." ती मराठीत घसरली, मग थांबून म्हणाली, "दो बार तो तुम बहुत दूर से आए थे."

त्याने खिशातून फोन काढला. "एक मिनट." गावी वडिलांना लावला. ते स्वतः कधीकाळी शाळेच्या मैदानावर फुटबॉल खेळलेले, आता ऐकू कमी यायचं. "पिताजी, रख लिया मुझे. हाँ, रख लिया. रुको, मॅडम बताएँगी, उन्होंने लिखा है." आणि फोन त्याने सरळ अलकनंदाच्या हातात दिला.

तिने वही उघडली आणि मोठ्याने, हिंदी करत, एकेक शब्द सुटा करून वाचलं. चौदा वेळा, आडवा जाणं, मेट्रो स्टेशनपर्यंत चालत जाणं. आजूबाजूचे लोक समोसे हातात धरून उभे राहिले. चौथ्या ओळीशी ती थांबली आणि नेगीकडे पाहिलं. त्याने मान हलवली, वाचा. तिने तीही वाचली.

मग पौडीहून एक घोगरा, खूश आवाज आला, इतका मोठा की चिन्मयलाही ऐकू गेला.

"घुटने तो मेरे भी ऐसे ही थे, बहन जी! वो चौदह वाला एक बार और पढ़ना."