शेतीची लाईन दिवसाची होती

हे मी परवापर्यंत कोणालेच सांगितलं नव्हतं. बायकोले नाही, माझ्या गाईडले तर नाहीच. आता तुम्ही समोर बसलेच, तर पुरं ऐका — अन् मधात थांबवू नका, नाहीतर मी दुसऱ्याच गोष्टीवर जाईन. सवय आहे मले.

पवनीकडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी शिकवतो. सहा वर्षांपूर्वी पीएचडीसाठी ऑसिलेटर बनवून राहिलो होतो. ऑसिलेटर म्हणजे एका ठेक्यात टिकटिक करणारं सर्किट. त्या ठेक्यात बारीक थरथर असते, तिले फेज नॉईज म्हणतात. कॉम्प्युटरवरच्या हिशेबात माझ्या सर्किटची थरथर इतकी कमी, की पाहतच राहावं. अन् खरं सर्किट टेबलावर मोजलं का — कितीतरी जास्त. तेही कधी जास्त, कधी कमी. गाईड फोनवर एकच विचारे, फरक काहून येते? मी काय सांगू, कपाळ?

सर्किटचं सोल्डरिंग, म्हणजे कथिलाचे टाके देऊन भाग जोडणं, कुंदाताईचं. ती आमची लॅब असिस्टंट. माहेर पवनीच्या विणकराचं, सासरी आसगावले धानाची शेती. हात असा, की केसाएवढे टाके एका ओळीत बसवे. एक दिवस मले म्हणाली, "सर, या हप्त्यात शेतीची लाईन दिवसाची आहे. पंप चालू झाले का तुमचा आकडा बिघडते. रात्रीची पाळी असते त्या हप्त्यात बरोबर येते. मी पाहून राहिली ना."

आमच्याकडं शेतीले वीज पाळीनं मिळते — एक हप्ता दिवसा, एक हप्ता रात्री. उन्हाळी धानाचे दिवस होते, सगळे पंप सुरू. ती सरळ बोलली होती. मले राग आला. काहून आला? खरं सांगू — बारावी शिकलेली बाई मले फेज नॉईज समजावते, म्हणून. मी हसलो अन् म्हटलं, ताई, धान आसगावलेच राहू द्या.

मग गाईड स्वतः आले. सगळ्यांसमोर विचारलं. अन् मी — बोलून गेलो, की सोल्डरिंग कच्चं आहे. ती बाजूलेच उभी होती. दुसऱ्या दिवशी विभागप्रमुखांनी तिले लॅबमधून काढून स्टोअरात बसवलं, सामानावर नंबर चिकटवाले.

पुढच्या रविवारी, पंप चालू असतानाच, तेच सर्किट मी बॅटरीवर चालवलं. तिचंच सोल्डरिंग, एक टाका बदलला नाही. थरथर कॉम्प्युटरच्या रेषेपाशी येऊन बसली! कॉम्प्युटरनं हिशेबात वीज स्वच्छ धरली होती, अन् इथं पंपांचा गोंधळ पॉवर सप्लायमधून सर्किटात शिरून राहिला होता. ती बोलली तेच.

मी त्यावर थीसिसचं एक अख्खं प्रकरण लिहिलं, माझा शोध म्हणून. टाळ्या पडल्या. तिचं नाव नाही, अन् टाके चांगले होते हेही कुठं नाही. ते लिहिलं असतं तर आधीचं खोटं उघडं पडलं असतं. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय? नवीन पोरं एकमेकांले सांगत, कुंदाताईच्या हाती सर्किटचा बोर्ड नका देऊ. मी ऐकत जाय, अन् फळा पुसत राही.

परवा विभागाच्या बैठकीत तिले बोलावलं अन् सगळ्यांसमोर सांगून टाकलं. सांगून झालं अन् छातीवरचा धोंडा उतरला — कायले लपवू, लय हलकं वाटलं. अजूनही वाटते. घरी जाऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या, एवढा निर्लज्ज आहो मी.

काल सोल्डरिंग आयर्न घेऊन मीच स्टोअरात गेलो. म्हटलं, ताई, लॅब तुमची आहे, चला. तिनं आयर्न हातात घेतलं, एक जुना बोर्ड डोळ्यांजवळ नेला, मग दूर धरला. बराच वेळ पाहिलं. अन् आयर्न माझ्या हातात परत दिलं.

"तेव्हा दिसे, सर," ती म्हणाली. "आता नाही दिसत."