तात्यांचं चिनी अक्षर

साठी उलटलेले तात्या साटम मालाडच्या आमच्या चाळीत ओट्यावर बसून पाटीवर रोज एकच अक्षर काढत, आणि ते अक्षर मराठी नव्हतं. मी शाळेत पहिलीला शिकवत असे, म्हणून पाटी-पेन्सिल माझ्याकडूनच नेलेली. काढून झालं की हाक यायची, "गो बाय, बघ गो, बरा इला?" मला चिनीतलं काय कळणार? तरी मान डोलवायची.

तात्या गिरणीतून निवृत्त झालेले. एकुलता एक मुलगा वसंता बोटीवर नोकरीला. त्याने हाँगकाँगला चिनी मुलीशी लग्न केलं, तेव्हा तात्यांनी माझ्याकडूनच त्याला पत्र लिहून घेतलं होतं, "तुजा तोंड परत दाखव नको." त्याने खरंच नाही दाखवलं. दोन वर्षांनी तो तापाने गेल्याची तार आली आणि मागाहून एक फोटो. कडेवर मूल घेतलेली सून, फोटोच्या पाठीवर बारीक चिनी अक्षरं.

अंधेरीला एक चिनी दाताचे डॉक्टर होते. तात्यांची दाढ दुखत होतीच, मी त्यांना घेऊन गेले. डॉक्टरांनी दाढेआधी फोटो बघितला. "लिखा है, ये आपका पोता है. उसका बाप बोलता था, कान आपके जैसा है." तात्या खुर्चीतच हुंदके देऊन रडले.

सुनेला पत्र डॉक्टरांनी लिहायचं ठरलं. पण शेवटचा शब्द तात्यांना स्वतःच्या हाताने लिहायचा होता. मला म्हणाले, "पत्र म्हणजे सुनेच्या घराक जावन येणा. उठताना आपण काय म्हणतो? येतंय! तांच लिवचा." मी डॉक्टरांना तो शब्द हिंदीत सांगितला. त्यांनी अक्षर काढलं. वर आडवी रेघ, मधून उभा दांडा, दोन्ही बाजूंना इवलीशी माणसं, खाली फाकलेले पाय. तात्या खूश. "मधी मी हुबो. हय सून, हय नातू."

मग दर रविवारी अंधेरी. तात्या आडवी रेघ नेमकी शेवटी मारायचे, आपण डोक्यावरची रेघ मारतो तशी. "पहले ऊपर का लकीर!" डॉक्टर ओरडायचे. "ह्येंचा सगळाच उलटा," तात्या पुटपुटायचे, "आधी छप्पर, मगे घर!" दाढ मात्र काढू देईनात. ती गेली तर यायला निमित्त काय? दीड महिन्याने अक्षर पसंत पडलं. पत्र गेलं आणि त्याच दिवशी दाढही.

उत्तर डॉक्टरांनी हसत हसत वाचलं. "बच्चे को लेके तीन बार बंदर पे गई. पूछती है, कौन से जहाज से आते हो?"

"मी खय जातंय?" तात्या गोंधळले.

"आपने लिखा ना, आता हूँ!"

आमच्याकडे निरोप घेतानाच तसं म्हणतात, हे मी सांगितलं तेव्हा डॉक्टरांचं हसू मावळलं. चूक माझीच. एवढी शिकलेली, शेजारी उभी, आणि मला जरासुद्धा खटकलं नाही, कारण उठताना मीही 'येते'च म्हणते.

खुलासा लिहू या, मी म्हटलं. तात्यांनी ऐकलं नाही. "पोराक तोंड दाखव नको म्हटलंय. आता सुनेक येवचंय नाय म्हणान लिवू? मी जातलंय." छातीचं दुखणं होतं, तरी पासपोर्टचा अर्ज भरला, नातवाला सदरे शिवून घेतले, ट्रंक भरली. पासपोर्ट यायच्या आधीच, एका सकाळी चहा पिता पिता तात्या गेले.

तेरावं झाल्यावर मी एकटीच अंधेरीला गेले. डॉक्टरांनी पत्र लिहिलं. शेवटचे शब्द मी लिहीन म्हटलं. तात्यांच्या अक्षराआधी जोडायचं आणखी एक अक्षर डॉक्टरांनी मला शिकवलं, एवढ्याने 'येणार नाही' होतं. ते जमेपर्यंत तीन कागद वाया गेले.

हाँगकाँगला पत्र पोहोचायला तेव्हा बरेच दिवस लागत. त्याआधी मुंबईची आणखी एक बोट तिथे लागणार होती. तात्यांची सून मुलाला घेऊन धक्क्यावर जाणार आणि शेवटचा उतारू उतरेपर्यंत थांबणार, हे पत्र पेटीत टाकताना मला माहीत होतं.