गोंदियात भाड्याची खोली

भंडारा मागे पडलं आणि रुळांच्या दोन्ही बाजूंना बांध्या (भाताची खाचरं) सुरू झाल्या, त्या गोंदिया येईपर्यंत संपल्या नाहीत. सोबत मुलगी वैशाली आणि तिची मैत्रीण नसीमा. दोघींचं संशोधन एकाच विषयावर: शहरात कोण कुठल्या मोहल्ल्यात राहतं, आणि का. त्यासाठी दोघींना वर्षभर इथे राहायचं होतं.

खोली मिळवून द्यायला मी आलो होतो, कारण घासाघीस हाच माझा धंदा. नाशिकला हातगाडीवर सुकट-बोंबील विकत मी दुकान उभं केलं. पुढे एका सोसायटीने मला फ्लॅट नाकारला. का, तर मासळीवाला! तो राग अजून उतरलेला नाही. भेटेल त्याला मी ही गोष्ट ऐकवतो. वैशाली म्हणते, "बाबा, हा विषय मला तुमच्यामुळेच सुचला."

स्टेशनबाहेर रिक्षावाल्याशी पहिलं भांडण झालं. "हिंदी में बोलो ना काका, चिल्लाते काऊन?" तो हसत म्हणाला. मग त्यानेच आम्हाला पोहे-तर्रीच्या (हरभऱ्याच्या जाळ रश्शाच्या) गाडीवर नेलं. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, पण मान्य कोण करतो.

बाजारामागच्या एका नीटनेटक्या मोहल्ल्यात वरच्या मजल्याची खोली होती. हवेशीर, दाराशी नळ. मालक जाडजूड, बोलका माणूस. त्याने चहा मागवला, भाव सांगितला, मी निम्मा सांगितला. तो ओरडला, मी ओरडलो. मजा आली. सौदा ठरला. किल्ली काढता काढता त्याने विचारलं, "बेटी लोगों का नाम क्या?"

"वैशाली."

"नसीमा."

किल्ली परत खिशात गेली. चहा तसाच राहिला.

"शेठ, हमको कुछ नहीं है," तो मुलींकडे न बघता म्हणाला. "मोहल्ले को है ना."

माझा एक जुना डाव आहे. सौदा अडला की उठायचं आणि चालू लागायचं. फाटकापाशी पोचण्याआधी मागून हाक येते आणि भाव उतरतो. मी उठलो. मुलींना घेऊन निघालो. हाक आली!

"अरे शेठ, सुनो तो! आपकी लड़की के लिए और कम कर दूँगा. अकेली के लिए."

मी मागे वळलो. इतका खालचा भाव मी मागितलाही नव्हता.

"माझी पोरगी काय सवलतीतला माल आहे?" मी गरजलो. आणखीही बरंच बोललो. ते इथे छापण्यासारखं नाही. मालकाला माझा राग कळलाच नाही. त्याला खरंच वाटत होतं की त्याने माझ्यावर मेहेरबानी केली.

नसीमाने माझी बाही ओढली. "काका, चला. ऊन वाढतंय." तिच्या आवाजात आश्चर्य नव्हतं. त्याचाच मला जास्त धक्का बसला.

पुढच्या घरी आम्ही नावं आधी सांगितली. खोली "कालच गेली" होती. त्यापुढच्या घरी "भाचा येणार" होता. भाव कोणी सांगेचना. आणि भावच नाही, तर घासाघीस कशाची करायची?

दुपारी आम्ही बिरसीच्या रस्त्यावर, शहराच्या कडेला पोचलो. डोक्यावरून वैमानिक-शाळेची चिमुकली विमानं भुणभुणत होती. पत्र्याच्या छपराची खोली, बाजूला धानाची (भाताची) पोती. मालकीणबाई सुपात तांदूळ निवडत बसल्या होत्या. नावं ऐकून त्यांनी मानही वर केली नाही.

"राहू द्या न. मले का करायचं नावाशी?"

मला हायसं वाटलं. मग त्यांनी भाडं सांगितलं. ते बाजारामागच्या त्या हवेशीर खोलीच्या पहिल्या भावाहून जास्त होतं!

"या पत्र्याच्या खोलीचं? बाई, लुटता काय?"

"ओरडता कायले, भाऊ? सकाळपासून फिरून राहिले न तुमी? तोंडावरूनच समजते." त्यांनी सूप पाखडलं. "दुसरीकडं भेटत असन त जा न."

मी सवयीने उठलो. फाटकापर्यंत गेलो. थोडा थांबलोही.

हाक आली नाही.

ज्याला दुसरं दुकान नाही त्याला भाव उतरवून द्यायचा नाही, हे मी माझ्या दुकानातल्या प्रत्येक नोकराला शिकवलंय. मी परत फिरलो आणि सांगितलं तेवढं भाडं दिलं. वैशाली माझ्याकडे बघत राहिली. नसीमा झाडू शोधायला आत गेली.

परतीच्या गाडीत शेजाऱ्याने विचारलं, नाशिकला कुठे राहता? फ्लॅटची गोष्ट ओठांवर आली होती. पण मला तेव्हा निदान 'नाही' तरी तोंडावर म्हटलं होतं, आणि पुढे मी पैशाने दुसरीकडे घर घेतलं होतं. मी गोष्ट सांगितली नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडलं. एक गिऱ्हाईक बोंबलाच्या भावावरून हुज्जत घालून तरातरा निघून गेलं. नोकर म्हणाला, "शेठ, हाक मारू?"

मी त्याच्या पाठीकडे बघत होतो. समोरच्या गल्लीत मासळीची चार दुकानं होती, आणि तो हवं त्यात शिरणार होता.

"जाऊ दे," मी म्हणालो. "त्याला जाता येतंय."