बोटीच्या नाकावरचे नारळ

शिडाची बोट घ्यायची म्हटल्यावर ज्याने त्याने मला एकच विचारलं, "पुण्यात?" जसं काही आम्ही वाळवंटात राहतो! कॉलेजात असताना खडकवासला धरणाच्या पाण्यात मी शिडाची होडी चालवली होती. पुढे खराडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी केली, म्हणजे जन्मभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढून पोट भरलं. निवृत्त झाले आणि म्हटलं, बास, आता बोट.

प्रश्न होता तो नवऱ्याचा. लहानपणी विहिरीत बुडता बुडता वाचलेला माणूस. कोकणात गेलो तरी हा किनाऱ्यावर चपला सांभाळत बसणार. मी एकटीच जाणार हे धरूनच चालले होते. पण एका सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "बोट धड आहे असं तू स्वतः ठोकून बघून सांगितलंस, तर मी बसेन. पण कुणाचं मन राखायला सांगायचं नाही." माझा चहा हातातच राहिला. इतक्या वर्षांनी हा माणूस पाण्याकडे एक पाऊल टाकत होता आणि ते मला वाया जाऊ द्यायचं नव्हतं.

शोधता शोधता नारायण पेठेतले एक काका भेटले. त्यांनी तरुणपणी हौसेने बांधलेली सागवानी बोट मांजरी गावात, मेहुण्याच्या उसाशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवली होती. आता हातपाय चालेनात, म्हणून विकायची होती. शेडच्या दारावर पाटी होती : 'बोट बघण्यासाठी आहे. हात लावण्यासाठी नाही.'

"काका, मग घ्यायची कशी, फोटोवरून?" मी विचारलं.

"पाटी बघ्यांसाठी आहे. आपण घेणाऱ्या असाल तर लावा हात."

"घेणारीच आहे."

"ते कळेलच," काका म्हणाले.

बोट देखणी होती यात वाद नाही. सागवानावर वरून फायबरग्लासचं कवच चढवलेलं, त्यावर पांढराशुभ्र रंग. पण अशी कवचातली बोट महाफसवी. कवचाला बारीकशी चीर गेली तरी पाणी आत शिरतं आणि त्याच कवचामुळे त्याला बाहेर पडता येत नाही. लाकूड आतल्या आत कुजत जातं आणि वरून सगळं आलबेल दिसतं. म्हणून हातोडीच्या लाकडी मुठीने वीत वीत ठोकत जायचं आणि कान लावून ऐकायचं. धड लाकूड टणक वाजतं, कुजकं असेल तर भद्द आवाज येतो.

मी मागच्या टोकापासून सुरुवात केली. काका माझ्या मागे मागे, नवरा त्यांच्या मागे. ठक, ठक, ठक. बोट खणखणीत वाजत होती आणि माझा जीव हरखून गेला होता. पुढच्या टोकाशी, अगदी बोटीच्या नाकापाशी आले आणि काकांनी हात आडवा घातला.

"इथे नको. ही पूजेची जागा आहे."

नाकावर हळदकुंकवाचा जाड थर होता. दर दसऱ्याला काकू तिथे हळदकुंकू वाहायच्या आणि काका तिथेच आपटून नारळ वाढवायचे. "ती गेल्यापासून मी एकटा करतो," ते म्हणाले. "एकही दसरा चुकवलेला नाही."

"राहू दे ना," नवरा हळूच म्हणाला. "बाकी सगळी तर छान वाजतेय."

माझं डोकंच फिरलं. मन राखायचं नाही म्हणून बजावणारा हाच की! मी हातोडी काखेत धरली, त्या कुंकवाला मनापासून नमस्कार केला आणि म्हटलं, "काका, रागावा हवं तर. पण मी ठोकणार."

भद्द.

पुन्हा ठोकलं. भद्दच. आत शिरून त्याच जागी स्क्रूड्रायव्हर टेकवला, तर तो केकात सुरी जावी तसा मुठीपर्यंत गेला. बाहेर येऊन ओल्या फडक्याने थोडं कुंकू पुसलं. कवचावर बारीक चिरांचं जाळं होतं आणि प्रत्येक चिरेत लाल रेघ. वर्षानुवर्षं नारळाचं पाणी तिथून आत मुरत होतं.

"म्हणजे आमच्या पूजेने बोट कुजली म्हणता?" काकांचा आवाज चढला.

"पूजेने नाही हो, नारळाने. समोर दगड ठेवून त्यावर वाढवला असता तर काही झालं नसतं."

काका उलट्या ठेवलेल्या बादलीवर मटकन बसले. मला फार वाईट वाटलं, रडूच यायचं बाकी होतं. तरी म्हटलं, "आज घेत नाही. कुजकं कापून काढा, नवं सागवान बसवा, वर नीट कवच चढवा. मी परत येऊन ठोकेन."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर दुसरी बघेन."

दिवाळी उलटली, संक्रांत झाली, आणि एक दिवस काकांचाच फोन आला, "या ठोकायला." गेले. नाकावर नव्या रंगाचा वास होता. कापून काढलेला, कुंकू लागलेला कवचाचा तुकडा काकांनी घरी देवाजवळ ठेवला होता. मी ठोकलं. ठक.

बोट पाण्यात सोडायच्या दिवशी काका नारळ घेऊन धरणावर आले, आणि पिशवीतून दगडही घेऊन आले. नारळ दगडावर वाढवला. मग नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"धड आहे?"

"धड आहे."

त्याने चपला काढल्या. आत आला आणि दोन्ही काठ घट्ट धरून बसला.

"घाबरलायस ना?" मी विचारलं.

"प्रचंड. पण त्या दिवशी काका अडवत होते, मी राहू दे म्हणत होतो, आणि तरी तू ठोकलंस. तेव्हाच मी मनातल्या मनात बसलो होतो बोटीत. आता बोलू नकोस, शीड वर घे."

मी शीड वर घेतलं.